रेस, स्पीड आणि पिकअप : लेकीच्या शंभर मीटरमधून त्वरण समजून घेताना

गोदाघाट

लेक नववीत आहे. शाळेच्या संघातून शंभर मीटर पळते. विज्ञानाच्या पहिल्याच धड्यात, 'गतीचे नियम'मध्ये, चाल, वेग, त्वरण हे सगळं आलं. व्याख्या तिला झोपेतून उठवून विचारली तरी सांगेल: एकक काळात वेगात होणारा बदल म्हणजे त्वरण. तरी परवाच्या चाचणीत चूक की बरोबर ओळखायच्या प्रश्नात एक वाक्य होतं, 'ज्या वस्तूचा वेग जास्त तिचे त्वरण जास्त', आणि तिने बिनधास्त 'बरोबर' लिहिलं.

मी म्हटलं, चुकलंय. ती म्हणाली, "कसं काय? रविवारी बघितलंस ना तू? चाळीस मीटरपर्यंत ती पुढे होती, शेवटी मी तिला मागे टाकलं. म्हणजे शेवटी माझं त्वरण तिच्यापेक्षा जास्त होतं."

'ती' म्हणजे तिची मैत्रीण. दोघी एकत्रच सराव करतात. रविवारी सकाळी घराजवळच्या मैदानावर दोघींची शंभर मीटर लावली होती. थंडी अशी की मोबाईल धरलेली बोटं बधिर झाली होती. मी मधोमध उभी राहून चित्रण केलं. मैत्रीण सुटली तीच बाणासारखी, साठच्या आसपास दोघी बरोबरीत आल्या आणि शेवटी लेक जिंकली. चित्रण तीनदा पाहिलं तेव्हा मलाही क्षणभर वाटलं की लेकीचंच बरोबर असावं. शेवटच्या टप्प्यात ती खरोखरच 'सुटल्यासारखी' दिसते.

मला स्वतःला हा फरक शाळेत कधी कळला नव्हता. कळला तो खूप उशिरा, गॅरेजमध्ये. माझी स्कूटर दाखवायला नेली होती तेव्हा मिस्त्री म्हणाले, "ताई, टॉप बरोबर आहे, पिकअप गेलाय." तेव्हा लख्ख उजेड पडला की गाडी जास्तीत जास्त किती पळते आणि वेग किती झटकन पकडते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक शाबूत राहून दुसरी बिघडू शकते. लेकीला हे सांगितलं. तिला गाडीपुरतं पटलं, पण धावण्याला लावता येईना. माणूस काय स्कूटर आहे का, असा तिचा प्रश्न.

या संस्थळावर शिक्षक आहेत, खेळाडू आहेत, गाड्यांतले जाणकार आहेत. शर्यतीच्याच भाषेत तिला हे कसं समजावू?

गॅरेजवाला

ताई, मिस्त्रींनी एका वाक्यात धडा शिकवला तुम्हाला. आमच्याकडे रोज हेच चालतं. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "गाडी पळत नाही." आम्ही पहिला प्रश्न विचारतो, उचलत नाही की पळत नाही? उचलत नाही म्हणजे पिकअप. पळत नाही म्हणजे टॉप. दोन्हीची कारणं वेगळी, औषधं वेगळी.

लेकीला चेन स्प्रॉकेटचं उदाहरण द्या. मोटरसायकलचं मागचं चक्र दोन-तीन दातांनी मोठं बसवलं की गाडी सिग्नलवरून झटकन उचलते, पण वरचा स्पीड कमी होतो, कारण इंजिन आधीच किंचाळायला लागतं. लहान चक्र बसवलं की उलट, हायवेला निवांत पळते पण उचलायला जड. इंजिन तेच, पेट्रोल तेच. एकीकडे वाढवलं की दुसरीकडे घटतं. वेग जास्त म्हणजे त्वरण जास्त असतं तर हे झालंच नसतं.

गियरचंही तेच. पहिल्या गियरमध्ये पिकअप सगळ्यात जास्त, स्पीड सगळ्यात कमी. पाचव्यात स्पीड सगळ्यात जास्त, पिकअप सगळ्यात कमी. पाचव्यात ७०ला असताना ओव्हरटेक करायचा तर आपण एक गियर खाली टाकतो तो उगाच नाही.

द्राक्षबाग

मुंबई नाक्याच्या सिग्नलला रोज पाहतो. इलेक्ट्रिक स्कूटरवाला पहिल्या वीस-तीस मीटरला १५० सीसीच्या मोटरसायकलवाल्या पोरांना मागे टाकतो, पुढे रस्ता मोकळा मिळाला की तीच पोरं त्याला गाठून निघून जातात. विजेच्या मोटरला जागेवरूनच पूर्ण जोर मिळतो.

स्पाईक्स

मी लहान मुलांना ॲथलेटिक्स शिकवतो. तुमच्या लेकीचा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच आणि मला तो फार मोलाचा वाटतो, कारण शंभर मीटरबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज त्यात आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिला उसेन बोल्टची बर्लिनची शर्यत दाखवा. १६ ऑगस्ट २००९, ९.५८ सेकंद, आजही विश्वविक्रम. त्या शर्यतीचं दर वीस मीटरचं मोजमाप उपलब्ध आहे:

पहिले २० मीटर : २.८९ सेकंद
२० ते ४० : १.७५
४० ते ६० : १.६७
६० ते ८० : १.६१
८० ते १०० : १.६६

आता तिला स्वतःला भागाकार करू द्या. पहिल्या टप्प्यात सरासरी ६.९ मीटर प्रति सेकंद. दुसऱ्यात ११.४. तिसऱ्यात १२.०. चौथ्यात १२.४, म्हणजे ताशी जवळपास ४५ किलोमीटर. आणि शेवटच्या वीस मीटरमध्ये पुन्हा १२.०५.

वेगाची वाढ बघा. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात येताना साडेचारने वाढला. दुसऱ्यातून तिसऱ्यात येताना अर्ध्याने. मग आणखी थोडा. आणि शेवटी घटला. जगातला सगळ्यात वेगवान माणूस, त्याच्या सगळ्यात वेगवान क्षणी, म्हणजे साठ ते ऐंशीच्या मध्ये कुठेतरी, त्याचं त्वरण शून्य होतं. वेग वाढायचा थांबला होता आणि कमी व्हायला अजून सुरुवात झाली नव्हती. डोंगराच्या माथ्यावर चढ संपलेला असतो आणि उतार सुरू व्हायचा असतो, तसं. उलट त्याचं त्वरण सगळ्यात जास्त कधी होतं? सुरुवातीला पाय टेकवायच्या ब्लॉकमधून पाय सुटताना, जेव्हा वेग जवळपास शून्य होता.

राहिला लेकीचा मुद्दा. 'शेवटी सुटल्यासारखी दिसते' हा डोळ्यांचा भास आहे. शंभर मीटरमध्ये शेवटी कुणीही सुटत नाही, सगळेच मंदावतात, बोल्टसुद्धा. जी कमी मंदावते ती सुटल्यासारखी दिसते. तुमची लेक बहुधा शेवटच्या चाळीस मीटरमध्ये वेग वाढवत नव्हतीच, मैत्रीण तिच्यापेक्षा जास्त मंदावत होती. माझा अंदाज आहे. शंकू लावून मोजा, कळेल.

निवृत्त_मास्तर

स्पाईक्स यांनी सुरेख मांडलं. धड्याच्या शब्दांत एवढंच जोडतो की वेग कमी होत असताना त्वरण ऋण असतं. पुस्तकात त्यालाच अवत्वरण किंवा मंदन म्हटलंय.

मी तीस वर्षं हा धडा शिकवला. मुलं अडखळतात ती गणिताला नव्हे. उदाहरणं सोडवतात, गुणही मिळवतात. अडखळतात ती भाषेला. रोजच्या बोलण्यात आपण 'वेगाने', 'जोरात', 'झपाट्याने' हे सगळं एकाच अर्थाने वापरतो. 'महागाई वेगाने वाढतेय' म्हणतो, म्हणजे मुळात वाढीचा वेग सांगत असतो आणि मूल समजतं की महागाई जास्त आहे. मी वर्गात 'त्वरण' हा शब्द फळ्यावर लिहून त्याच्या खाली 'पिकअप' लिहायचो. काही सहकाऱ्यांना ते आवडायचं नाही, इंग्रजी शब्द म्हणून. मला वाटायचं, मुलाच्या घरात जो शब्द आधीच राहायला आलाय त्याच्याच हाताला धरून नव्या शब्दाला घरात न्यावं. गॅरेजवाला यांच्या 'उचलणे'ला तर माझा पूर्ण मान आहे, तो अस्सल मराठी आहे.

शंकेखोर

गोदाघाट, एक विचारतो. दोघी शेजारच्या लेनमध्ये पळाल्या आणि तुम्ही पन्नास मीटरपाशी उभं राहून बाजूने चित्रण केलं, बरोबर? शंकू असतील तर ते कुठे होते? आणि तुम्ही ट्रॅकपासून किती लांब होतात?

गोदाघाट

@शंकेखोर : हो, शेजारच्या लेनमध्ये. शंकू नव्हते, आतल्या कडेला दर वीस मीटरला चुन्याच्या खुणा केल्या होत्या. मी ट्रॅकपासून साधारण पंचवीस मीटरवर होते.

शंकेखोर

मग चाळीस मीटरला कोण किती पुढे होतं, हे त्या चित्रणावरून सांगता येणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, मोजणारे जवळजवळ सगळेच इथे फसतात.

तुम्ही पन्नासपाशी उभ्या होतात. वीस मीटरची खूण तुमच्यापासून तिरकी, डावीकडे तीस मीटरवर. खूण आतल्या कडेला, धावणारी मुलगी एक लेन पलीकडे, म्हणजे सुमारे सव्वा मीटर लांब. तुमच्या नजरेची रेघ खुणेवरून तिरकी पुढे जाते, म्हणून मुलगी पडद्यावर खुणेशी जुळलेली दिसते तेव्हा ती प्रत्यक्षात दीड मीटर मागे असते. पन्नासच्या पलीकडच्या खुणांना उलटं होतं. दीड मीटर म्हणजे या मुलींच्या वेगाला जवळजवळ पाव सेकंद! आणि पाव सेकंद म्हणजे त्या दोघींमधल्या फरकाएवढाच.

उपाय सोपा आहे. दोघींना एकाच लेनमधून एकेकटं पळवा. शंकू लेनच्या दोन्ही कडांना, समोरासमोर लावा, आणि छाती दोन शंकूंच्या बरोबर मधोमध आली की ती फ्रेम धरा. मोबाईलमध्ये स्लो मोशन असेल तर २४० फ्रेमवर घ्या, म्हणजे एका फ्रेमला सुमारे ४ मिलिसेकंद. साध्या ३० फ्रेमच्या चित्रणात एका फ्रेमलाच ३३ मिलिसेकंद जातात. सुरुवात टाळीपासून धरू नका, हात जमिनीवरून उचलला ती फ्रेम धरा. नाहीतर कुणाचे कान तीक्ष्ण आहेत तेही त्वरणात मोजलं जाईल.

रानवाट

वाखुसा, म्हणजे वाचनखूण साठवली. सायकलसाठी हीच युक्ती वापरणार.

थळघाट

मी रेल्वेत होतो, बरीच वर्षं नाशिकरोडच्या ट्रॅक्शन मशीन वर्कशॉपमध्ये काढली. इंजिनांच्या मोटर तिथे दुरुस्तीला येतात. माझ्याकडून दोन गोष्टी.

पहिली गॅरेजवाला यांच्या चक्राची, फक्त मोठ्या मापात. डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं इंजिन आणि डब्ल्यूएपी-७ हे प्रवासी गाडीचं. दोन्हींची ताकद सारखीच, ६१२० अश्वशक्ती. प्रवासी इंजिन हे मालगाडीच्या इंजिनावरूनच तयार झालं. मुख्य बदल गियरच्या गुणोत्तरात. मालगाडीचं इंजिन ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जात नाही पण अवजड गाडी जागेवरून हलवतं. प्रवासी इंजिन १४०ला जातं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि लेकीच्या 'माणूस काय स्कूटर आहे का'ला तीच उत्तर देईल. कसारा ते इगतपुरी चढ १ : ३७ आहे. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. मुंबईहून येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं लावतात. पंचवटी एक्सप्रेसने जाणाऱ्या-येणाऱ्यांनी हे शंभरदा पाहिलंय. आता गाडी घाट चढतेय, सगळी इंजिनं जीव तोडून जोर लावतायत, आणि गाडीचा वेग एका आकड्यावर स्थिर आहे. त्वरण किती? शून्य. एवढा जोर लावूनही शून्य, कारण जेवढा जोर वर ढकलतोय तेवढाच उतार आणि घर्षण खाली ओढतंय. जोर लागतोय म्हणजे त्वरण आहेच असं नाही, उरलेला जोर किती हे बघायचं.

शंभर मीटरमध्ये साठच्या पुढे पोरींचं तेच होतं. पाय पूर्ण ताकदीने मारतायत, पण ती ताकद हवेला आणि प्रत्येक पावलाच्या धक्क्याला पुरवण्यातच संपते. वेग वाढवायला काही उरत नाही.

द्राक्षबाग

थळघाट, लोकलचंही सांगा. ठाण्याला राहायचो तेव्हा स्लो लोकल स्टेशनातून अशी सुटायची की उभ्या माणसाला दांडा धरावा लागायचा. आपली पंचवटी मात्र हळूच हलते, पाणीही हिंदकळत नाही.

थळघाट

बरोबर निरीक्षण. लोकलच्या गाडीत मोटरवाले डबे जागोजागी असतात, त्यामुळे जोर लावणारी चाकं जास्त. स्टेशनं दोन-तीन किलोमीटरवर, म्हणजे वेग गाठतोय तोवर ब्रेक लावायची वेळ. तिथे टॉपपेक्षा पिकअपला महत्त्व. एक्सप्रेसला पन्नास किलोमीटर थांबायचं नसेल तर उचलायला दोन मिनिटं जास्त लागली म्हणून बिघडत नाही.

आणि तुम्ही दांडा धरला ते वेगामुळे नाही. गाडी १००ने एकसारखी धावत असेल तर डोळे मिटून बसल्यावर थांबलेली की धावतेय ते शरीराला कळत नाही, फक्त खडखडाट कळतो. शरीराला कळतो तो बदल.

निवृत्त_मास्तर

याचा एक प्रयोग मी मुलांकडून करून घ्यायचो. दोऱ्याला किल्ली बांधायची, कोनमापक उलटा धरून त्याच्या मध्यबिंदूपाशी दोरा अडकवायचा, आणि बसच्या सीटवर बसायचं. बस निघाली की किल्ली मागे झुकते, ब्रेक लागला की पुढे, एकसारख्या वेगात सरळ लटकते. कोनाच्या टॅनला ९.८ने गुणलं की त्वरण मिळतं. दहा अंश झुकली तर सुमारे १.७ मीटर प्रति सेकंद, दर सेकंदाला. नववीच्या भूमितीत टॅन शेवटाकडे येतो, तोवर आईने मदत करावी.

एक मुलगा त्र्यंबकला जाऊन आला आणि म्हणाला, "सर, बस वळली तेव्हा किल्ली बाजूला गेली, पण स्पीड तर तेवढाच होता." त्या मुलाने पुढचा अर्धा धडा स्वतःच शोधला होता. चाल तीच असली तरी दिशा बदलली की वेग बदलतो, आणि वेग बदलला की त्वरण आलं. मराठीत आपल्याकडे चाल आणि वेग हे दोन वेगळे शब्द आहेत ते याचसाठी.

रानवाट

मी लांब पल्ल्याची सायकल चालवतो. माझी तक्रार अशी की हा सगळा धागा पिकअपच्या प्रेमात पडलाय. २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, दोघांच्या संघात 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. सुमारे ४८०० किलोमीटर, ९ दिवसांच्या आत. ९ दिवस पूर्ण धरले तरी २१६ तास, म्हणजे रात्रंदिवस ताशी २२ किलोमीटरच्या वर. अशा शर्यतीत जागेवरून किती झटकन निघालात याने काय होणार? सरासरी चाल हेच सर्वस्व. उलट दर वेळी झटका मारून वेग वाढवलात तर पाय दुसऱ्या दिवशीच संपतील. लेकीला हेही सांगा की प्रत्येक शर्यत त्वरणाची नसते.

स्पाईक्स

रानवाट, मान्य. पण लांब पल्ल्यातही ते अगदीच बिनकामाचं नाही. आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचं २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेतलं दहा हजार मीटर आठवा. प्रीजा श्रीधरन ३१ मिनिटं ५०.४७ सेकंद, कविता ३१ मिनिटं ५१.४४. सुवर्ण आणि रौप्य, दोन्ही भारताची. पंचवीस फेऱ्या पळून एका सेकंदापेक्षाही कमी अंतर. दोघींची सरासरी चाल काढली तर दोन्ही ५.२३ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास येईल, दुसऱ्या दशांशापर्यंत फरकच दिसणार नाही. इतक्या जवळच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत कोण केव्हा उचलते यालाच महत्त्व येतं. मी मुलींना दहा हजारच्या तयारीतही वीस-वीस मीटरचे तुकडे पळायला लावतो ते म्हणून.

गॅरेजवाला

ड्रॅग रेस राहिली. सरळ पट्टी, दोन गाड्या, थांबलेल्या अवस्थेतून सुटायचं. पूर्वी पाव मैल म्हणजे ४०२ मीटर असायची, अमेरिकेत सगळ्यात ताकदवान वर्गांसाठी २००८पासून १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर केली. शर्यत संपली की हातात चिठ्ठी मिळते, तिच्यावर लागलेला वेळ वेगळा आणि शेवटच्या रेषेवरचा वेग वेगळा छापलेला असतो. शेवटी जास्त वेगात असलेली गाडी हरलेली असू शकते, आणि असं होतंही. तिने वेग गाठला पण उशिरा गाठला. लेकीची मैत्रीण आणि लेक, दोघी त्या चिठ्ठीत आहेत.

(हे मैदानावर, परवानगीने. गंगापूर रोडला रात्री जे चालतं त्याला मी रेस म्हणत नाही. तिथून उचलून आणलेल्या गाड्या मी दुरुस्त केल्यात.)

गोदाघाट

आज शंकेखोर यांनी सांगितलं तसं मोजलं. एकच लेन, दोन्ही कडांना शंकू, एकेकटी धाव, मधे वीस मिनिटं विश्रांती. २४० फ्रेम. लेकीच्या बाबांनी आणि मी वेगवेगळं मोजलं, मग ताडून पाहिलं. आकडे देते.

लेक : ३.७०, २.७०, २.५५, २.६०, २.७५. एकूण १४.३०.
मैत्रीण : ३.५०, २.७५, २.७०, २.७५, २.९०. एकूण १४.६०.

दोघींची बेरीज करत करत गेलो तर साठ मीटरला दोघी ८.९५! अगदी काट्यावर बरोबर. लेकीने तिथेच वही घेतली आणि चौकटीच्या पानावर आलेख काढायला बसली, मिसळ थंड होईपर्यंत उठली नाही.

मग तिला तिसऱ्या तुकड्याकडे बघायला सांगितलं, चाळीस ते साठ. लेक २.५५, मैत्रीण २.७०. या पूर्ण तुकड्यात मैत्रीण पुढे आहे, पण कमी वेगाने पळतेय. लेक मागे आहे, पण जास्त वेगाने पळतेय. साठला पोहोचेपर्यंत ती गाठते. पुढे असणं वेगळं, वेग जास्त असणं वेगळं. हे तिला इतक्या पटकन समजलं की तिने स्वतःच पुढचं विचारलं, "मग त्वरण कुणाचं जास्त होतं, ते कसं काढू?"

मास्तर, इथे मी अडले. पहिल्या दहा मीटरचा शंकूही लावला होता. लेक २.२० सेकंद. मी सूत्रात टाकलं, अंतर बरोबर अर्धा गुणिले त्वरण गुणिले काळाचा वर्ग. त्वरण ४.१ आलं. बरोबर आहे का?

निवृत्त_मास्तर

सूत्र बरोबर, वापर चुकला. ते सूत्र त्वरण एकसमान असेल तरच चालतं. पडताळून पाहा. दहा मीटर सतत ४.१ने वाढत गेली असती तर दहाव्या मीटरला तिचा वेग ९ मीटर प्रति सेकंद झाला असता. आणि पुढचे दहा मीटर तिने १.५० सेकंदात, म्हणजे ६.७च्या सरासरीने कापले. ९वर पोहोचलेली मुलगी लगेच ६.७ला कशी येईल? म्हणजे त्वरण सुरुवातीला ४.१पेक्षा जास्त होतं आणि पावलागणिक घटत गेलं.

त्यापेक्षा तुकड्यांची सरासरी चाल काढा, प्रत्येक तुकड्याच्या मध्याच्या वेळी ती मांडा, आणि शेजारच्या दोन तुकड्यांतला फरक मधल्या वेळाने भागा. लेकीचं मी काढलंय. चाली ५.४, ७.४, ७.८, ७.७, ७.३. त्वरण अनुक्रमे ०.६३, ०.१७, उणे ०.०६, उणे ०.१६. ढोबळ आहे, पण चित्र खरं आहे. स्पाईक्स यांचा अंदाजही बरोबर ठरला. लेकीने मैत्रिणीला मागे टाकलं तेव्हा तिचं स्वतःचं त्वरण ऋण होतं.

स्पाईक्स

आकडे बघून एक सांगतो, दोघींना. मैत्रिणीची सुरुवात खरोखर चांगली आहे, ०.२० सेकंद वीस मीटरमध्ये ही थोडी गोष्ट नाही. तिला साठ मीटरची शर्यत दिली तर आत्ता दोघी बरोबरीत आहेत, पन्नासची दिली तर ती जिंकेल. तिला 'शेवटी कमी पडतेस' म्हणून खचवू नका. लेकीची पहिली पाच पावलं बघायला हवीत, माझ्या मते ती फार लवकर ताठ उभी राहते. शरीर पुढे झुकलेलं असताना पाय जमिनीला मागे ढकलतो. ताठ झालं की जोर वर जातो.

दोनशे पळते का ती? वळणावर बघा. प्रमाणित चारशे मीटरच्या ट्रॅकचं वळण ३६.५ मीटर त्रिज्येचं. साडेसातच्या चालीने वळलं तर मध्याच्या दिशेने १.५ त्वरण लागतं, चाल तसूभरही न वाढता. शरीर आत साधारण नऊ अंश कलतं. मास्तरांच्या किल्लीएवढंच.

शंकेखोर

आकडे आता विश्वासार्ह वाटतात. प्रत्येकीच्या आणखी दोन-दोन धावा घ्या, एका धावेवर ०.०५चा फरक धरू नका.

गोदाघाट

सगळ्यांचे मनापासून आभार. स्पाईक्स, तुमचं मैत्रिणीबद्दलचं वाक्य तिच्या आईला वाचून दाखवलं, त्यांनी ते पाठवायला सांगितलं.

चाचणीच्या पेपरात लेकीने त्या प्रश्नाशेजारी पेन्सिलीने लिहिलंय : 'चूक. मी जिंकले तेव्हा माझं त्वरण उणे होतं.'

आज दोनशे मीटर पळाली, वळणावर शंकू लावून. आमचं मैदान लहान आहे, वळण प्रमाणित ट्रॅकपेक्षा घट्ट, त्यामुळे स्पाईक्सच्या १.५पेक्षा जास्तच निघेल, त्रिज्या उद्या टेपने मोजतो. वळणाच्या मधल्या दोन तुकड्यांत चाल ७.२ आणि ७.२, जराही फरक नाही. घरी येऊन तिने बूट काढले आणि डाव्या पायाची बाहेरची कड दाबत बसली. म्हणाली, सगळं इथे आलं.